प्रौढ माणसाच्या मेंदूत नव्या चेतापेशी खरोखर तयार होतात का?

प्रश्न: रंकाळाकाठ

नमस्कार. माझ्या वडिलांचा जन्म १९५४ चा. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची सगळी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर ते रोज पहाटे रंकाळ्याला फेरी मारतात. गेल्या महिन्यात त्यांच्या फिरणाऱ्या मंडळींना एका मंगल कार्यालयातील मोफत आरोग्य शिबिराचे निमंत्रण आले होते. तेथील वक्त्याने असे सांगितले की, मेंदूत रोज नव्या पेशी जन्माला येतात, मात्र साठीनंतर त्यांना "खत" घालावे लागते. ते खत म्हणजे एक भुकटी होती आणि तिचा डबा वडील दोन हजार आठशे रुपये मोजून घरी घेऊन आले.

मी चिडलो आणि म्हणालो, "आबा, चेतापेशी पुन्हा तयार होत नाहीत, हे आम्हाला शाळेत शिकवले आहे. जन्मताना मिळतात त्या मिळतात, पुढे फक्त कमी होतात." त्यावर त्यांनी शिबिरातील पत्रक माझ्यापुढे ठेवले. त्यात स्वीडनमधील संशोधनाचा उल्लेख होता. पत्रक खोटे असणार या खात्रीने मी शोधायला बसलो, तर ते संशोधन खरेच झालेले आहे असे आढळले. पुढे वाचताना गोंधळ आणखी वाढला, कारण २०१८ मध्ये महिन्याभराच्या अंतराने दोन शोधनिबंध आले असून एकात प्रौढ माणसात नव्या चेतापेशी आढळत नाहीत असे म्हटले आहे, तर दुसऱ्यात त्या ७९ व्या वर्षापर्यंत आढळतात असे.

भुकटीचा विषय येथे चर्चेला घेऊ नये. पैसे गेले ते गेले. मला एवढेच जाणून घ्यायचे आहे की या पेशी तयार होतात का, होत असल्यास कोठे आणि कशा, आणि एकाच प्रश्नाला दोन नामांकित प्रयोगशाळांकडून इतकी विरुद्ध उत्तरे कशी मिळतात. वडिलांना मी चुकीचे सांगितले असेल, तर ते मलाच त्यांच्यापुढे दुरुस्त करायचे आहे.

उत्तर: प्रयोगवही

मी येथील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. आपल्या पाठ्यपुस्तकातील वाक्य मीही अनेक वर्षे वर्गात जसेच्या तसे सांगत आले. मेंदूच्या बहुतांश भागाबाबत ते आजही खरे आहे. चूक आहे ती ते सरसकट संपूर्ण मेंदूला लावण्यात.

या वाक्याचे मूळ स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांच्यापर्यंत जाते. चेतापेशी या स्वतंत्र पेशी आहेत हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले आणि १९०६ चे नोबेल पारितोषिक त्यांना कामिल्लो गोल्जी यांच्यासोबत मिळाले. प्रौढ मेंदूतील सर्व मार्ग ठरून गेलेले असतात, तेथे सारे काही मरू शकते, नव्याने मात्र काहीच उगवत नाही, असे त्यांनी लिहून ठेवले होते. एवढ्या अधिकाराच्या माणसाचे वाक्य खोडायला कोणी धजावत नाही, आणि पुढची सुमारे पन्नास वर्षे कोणी धजावले नाही.

१९६२ मध्ये अमेरिकेत जोसेफ अल्टमन यांनी प्रौढ उंदरांच्या मेंदूत नव्या चेतापेशी तयार होतात का, हा प्रश्न उघडपणे विचारला आणि १९६५ मध्ये गोपाल दास यांच्यासोबत त्याचे सविस्तर पुरावे प्रसिद्ध केले. त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. पेशीचे विभाजन होण्यापूर्वी तिला आपल्या डीएनएची दुसरी प्रत बनवावी लागते आणि त्यासाठी थायमिडीन नावाचा घटक लागतो. या घटकाला किरणोत्सारी हायड्रोजन जोडून तो प्राण्याला टोचला, तर त्या वेळी जी पेशी विभाजनाच्या तयारीत असेल तिच्याच केंद्रकात तो जाऊन बसतो. नंतर मेंदूचे पातळ काप काढून त्यांवर छायाचित्रणाच्या फिल्मवर असतो तसा द्राव चढवायचा आणि काचपट्ट्या कित्येक आठवडे अंधारात ठेवायच्या. विकसित केल्यावर ज्या केंद्रकांवर चांदीचे काळे कण उमटलेले दिसतात, त्या पेशी टोचल्यानंतर जन्मलेल्या असतात. असे कण उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या आठवणींशी संबंधित भागात दिसले.

तरीही या कामाकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. काळे कण असलेली बारीक पेशी चेतापेशीच आहे, तिच्या आधारासाठी असणारी ग्लियल पेशी नव्हे, हे साध्या सूक्ष्मदर्शकातून निःसंशय ठरवता येत नव्हते आणि आक्षेपकांनी नेमके तेच धरून ठेवले. १९७७ मध्ये मायकेल कॅप्लन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशा पेशींवर इतर चेतापेशींशी झालेल्या जोडण्या दाखवल्या, तरी मन वळले नाही. १९८५ मध्ये पास्को राकिच यांनी प्रौढ ऱ्हिसस माकडांत अशा पेशी मिळत नाहीत असे मांडले आणि प्रश्न जवळजवळ बंद झाल्यासारखा वाटला. तो पुन्हा उघडला तो पक्ष्यांमुळे. फर्नांडो नॉटेबॉम यांनी १९८० च्या दशकात प्रौढ कॅनरी पक्ष्यांच्या मेंदूतील गाण्याशी संबंधित भागात नव्या चेतापेशी भरती होतात आणि त्या प्रत्यक्ष कामही करतात हे दाखवले.

आता आपला दुसरा प्रश्न, कोठे आणि कशा. कानशिलाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना एक असा हिप्पोकॅम्पस असतो. नव्या आठवणी बसवण्याचे काम प्रामुख्याने तेथे चालते. त्यात डेंटेट गायरस नावाची एक वळलेली पट्टी असून तिच्यातील दाट पेशीथराच्या आतल्या कडेला मूलपेशी थोड्या विखुरलेल्या असतात. मूलपेशी विभागली की तिची एक लेक घरीच मूलपेशी म्हणून राहते आणि दुसरी आणखी काही वेळा विभागून अर्भक चेतापेशींना जन्म देते. या अर्भक पेशी जेमतेम थोडे अंतर सरकून थरात जागा धरतात, एका बाजूने फांद्या वर पसरतात आणि दुसऱ्या बाजूने एक लांब तंतू सीए३ नावाच्या शेजारच्या भागाकडे सोडतात. उंदरात पहिल्या खऱ्या जोडण्या सुमारे दोन आठवड्यांत सुरू होतात आणि पेशी चार ते आठ आठवड्यांत प्रौढांसारखी होते. मधल्या काळात जन्मलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मरून जातात.

या बाल्यावस्थेतील एक गोष्ट विद्यार्थ्यांना सांगताना मला अजूनही मजा वाटते. गाबा हे रसायन प्रौढ चेतापेशीला गप्प बसवते, पण नुकत्याच जन्मलेल्या चेतापेशीला तेच रसायन उठवते, कारण तिच्या आत क्लोराइडचे प्रमाण जास्त असते आणि त्यामुळे विद्युतभाराचा प्रवाह उलट्या दिशेने होतो. त्या उठवण्यावरच तिची पुढची वाढ अवलंबून असते. पेशी मोठी झाली की क्लोराइड बाहेर टाकणारे पंप सुरू होतात आणि गाबा इतरांप्रमाणे तिलाही गप्प करू लागते.

उंदरात आणखी एका ठिकाणी, मेंदूतील द्रवाच्या पोकळीच्या भिंतीलगत, अशा पेशी तयार होऊन वास ओळखणाऱ्या भागापर्यंत लांब प्रवास करत जातात. प्रौढ माणसात हा मार्ग जवळजवळ बंद असतो. म्हणून माणसाबद्दलचा सगळा वाद हिप्पोकॅम्पसभोवती फिरतो.

माणसातील पहिला थेट पुरावा १९९८ चा आणि तोही स्वीडनचा. आपल्या पत्रकात बहुधा त्याचाच उल्लेख असावा. कर्करोगाची गाठ किती वेगाने वाढते हे पाहण्यासाठी काही रुग्णांना ब्रोमोडिऑक्सियुरिडीन टोचले होते. हे रसायन थायमिडीनसारखेच डीएनएमध्ये जाऊन बसते. त्यांपैकी पाच रुग्णांच्या निधनानंतर पीटर एरिक्सन आणि फ्रेड गेज यांच्या गटाने त्यांचे मेंदू तपासले, तेव्हा ५७ ते ७२ या वयोगटातील त्या माणसांच्या डेंटेट गायरसमध्येही खूण घेतलेल्या चेतापेशी मिळाल्या. सुदृढ माणसाला असे रसायन टोचणे योग्य नसल्याने हा प्रयोग तसाच पुन्हा करणे शक्य नव्हते, आणि नंतरच्या अभ्यासकांना आडमार्गाने जावे लागले. २०१८ चा गोंधळ त्या आडमार्गावर झाला.

उत्तर: मेणठोकळा

प्रयोगवही ताईंनी जेथे थांबवले, तेथून पुढचे माझ्या रोजच्या कामातले आहे म्हणून लिहितो. मी शहरातील एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी आणि अवयव आमच्याकडे फॉर्मॅलिनच्या बरणीत येतात. आम्ही त्यांचे तुकडे अल्कोहोल, झायलीन आणि वितळलेल्या मेणातून नेऊन त्यांचे ठोकळे पाडतो. ठोकळा मायक्रोटोमवर चढवून चार मायक्रॉन जाडीचे काप काढले की त्यांची फीत सुटते, ती कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या निघतात आणि मग ती काचपट्टीवर अलगद उचलायची. मेंदूचा काप मऊ असल्याने विशेष त्रास देतो आणि पाणी जरा गरम झाले तरी पसरून फाटतो.

आता मुद्दा असा. मेल्यावर ऊती लगेच स्वतःलाच पचवू लागते. फॉर्मॅलिन ते थांबवते, पण ते आत शिरते साधारण तासाला एक मिलिमीटर या वेगाने. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावातून शनिवारी काढलेला अवयव सोमवारी आमच्याकडे आला, तो लहान बरणीत कोंबलेला आणि बोटभर फॉर्मॅलिनमध्ये. मी सुरी घातली तेव्हा बाहेरची कड घट्ट व फिकट पडलेली होती, आणि आत मात्र करड्या रंगाचा लगदा. त्या लगद्याच्या कापावर आम्ही कोणताही रंग चढवला असता तरी काही उमटले नसते. "तेथे रोग नाही" असे त्यावरून म्हणणे चुकीचे ठरले असते. म्हणता आले असते ते इतकेच की आम्हाला दिसले नाही.

मेंदूतील नव्या चेतापेशी ओळखण्यासाठी २०१८ च्या दोन्ही गटांनी प्रामुख्याने डबलकॉर्टिन या प्रथिनावर भिस्त ठेवली होती. हे प्रथिन कोवळ्या, सरकणाऱ्या चेतापेशींत असते. त्याला चिकटणारे प्रतिपिंड लावले की पेशी उठून दिसते. पण डबलकॉर्टिन नाजूक आहे. मृत्यूनंतर मेंदू काढायला उशीर झाला तर ते विरते, आणि नमुना फॉर्मॅलिनमध्ये फार दिवस राहिला तर प्रथिनांचे एकमेकांशी असे बंध तयार होतात की प्रतिपिंडाला धरायला जागाच उरत नाही. आमच्याकडे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीसाठी, म्हणजे प्रतिपिंड लावून प्रथिन शोधण्याच्या तपासणीसाठी, आलेल्या जुन्या ठोकळ्यांवर हा अनुभव नेहमी येतो.

कॅलिफोर्नियातील सोरेल्स आणि अल्वारेझ बुइया यांच्या गटाने नेचर या नियतकालिकात लिहिले की अर्भकात अशा पेशी भरपूर असतात, पहिल्या वर्षातच त्या झपाट्याने घटतात, ७ आणि १३ वर्षांच्या मुलांत तुरळक दिसतात आणि १८ ते ७७ वयाच्या प्रौढांत एकही दिसत नाही. न्यूयॉर्कच्या मॉरा बोल्ड्रिनी यांच्या गटाने १४ ते ७९ वयाच्या २८ निरोगी व्यक्तींचे हिप्पोकॅम्पस तपासून त्या उतारवयातही टिकतात असे मांडले. पुढच्या वर्षी माद्रिदच्या मारिया योरेन्स मार्तीन यांच्या गटाने तेच काम काटेकोर नियंत्रणाखाली केले: लवकर मिळवलेले नमुने, फॉर्मॅलिनमध्ये मोजका वेळ, प्रतिपिंड लावण्याआधीची प्रक्रिया ठरवून घेतलेली. त्यांना ४३ ते ८७ वयाच्या १३ निरोगी व्यक्तींत या पेशी हजारोंनी मिळाल्या आणि अल्झायमरच्या ४५ रुग्णांत त्या आजाराच्या पायरीगणिक कमी होत गेलेल्या दिसल्या. एकाच मेंदूचा तुकडा जास्त वेळ फॉर्मॅलिनमध्ये ठेवला की पेशी दिसेनाशा होतात, हेही त्यांनी दाखवले. हे वाचून आमच्या प्रयोगशाळेतील ज्येष्ठ सहकारी एवढेच म्हणाले, "हे आपल्याला विचारले असते तरी सांगितले असते."

तरी सोरेल्स यांची बाजू इतक्या सहज सोडून देणे मला योग्य वाटत नाही. त्यांच्या नमुन्यांत अपस्माराच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या १२ प्रौढांच्या ऊती होत्या, म्हणजे त्या जिवंत माणसाकडून थेट आल्या होत्या आणि त्यांना उशिराचा दोष लागू होत नाही. अर्भकांच्या मरणोत्तर नमुन्यांतही त्याच पद्धतीने पेशी ठळक उमटल्या होत्या. यावर प्रतिवाद असा की वर्षानुवर्षे झटके सोसलेला हिप्पोकॅम्पस हा निरोगी मेंदूचा प्रतिनिधी नव्हे. दुसरा आक्षेप जास्त खोलवर जातो: डबलकॉर्टिन दिसले म्हणजे पेशी कोवळी आहे एवढेच सिद्ध होते, ती कालपरवा जन्मली हे सिद्ध होत नाही. दीर्घायुषी प्राण्यांत एखादी पेशी बालपणी जन्मून अनेक वर्षे कोवळीच राहू शकते. उंदराच्या चार आठवड्यांचे वेळापत्रक माणसाला लावणे येथे फसवे ठरते.

माझे मत विचाराल, तर पारडे "होतात, पण थोड्या" या बाजूला झुकलेले आहे.

शंका: खोडवा

मी शिरोळ तालुक्यातील ऊस उत्पादक आहे. विषयाचा अभ्यास नाही, पण चर्चा आवडली म्हणून एक शंका विचारतो. लावणीनंतर ज्या जागी डोळा उगवला नाही त्या जागी आम्ही रोप लावून नांग्या भरतो. मेंदूत जुनी पेशी मेली म्हणून तिच्या जागी नवी येते, असे आहे का? तसे असेल तर जेवढ्या जास्त नव्या तेवढे चांगलेच म्हणायचे.

उत्तर: प्रयोगवही

आपल्या शंकेत दोन प्रश्न आहेत आणि दोन्हींचे उत्तर नकाराकडे झुकते. उंदरातील निरीक्षणे पाहता नव्या पेशी बहुतांशी आहे त्या पिकात वाढीव रोपे म्हणून शिरतात. त्यांना जुन्या पेशींच्या फांद्यांवर आणि तंतूंवर जोडणीसाठी जागा मिळवावी लागते आणि त्या झटापटीत काही जुन्या जोडण्या सुटतात. मेंदूला मार बसला किंवा पक्षाघात झाला म्हणून त्या ठिकाणी नवी चेतापेशी जाऊन नांगी भरते, असे मात्र माणसात घडत नाही. तसे असते तर पक्षाघाताच्या रुग्णांची कथा वेगळी असती.

दुसरे असे की जास्त म्हणजे चांगले, हे समीकरणही सरळ नाही. २०१४ मध्ये टोरंटोतील पॉल फ्रँकलंड आणि शीना जोसेलिन यांच्या गटाने उंदरांना एक गोष्ट शिकवली आणि त्यानंतर चक्रावर धावायला लावून त्यांच्यातील नव्या चेतापेशी वाढवल्या, तर ती शिकलेली गोष्ट ते उंदीर विसरू लागले. गिनीपिग आणि डेगू हे प्राणी बऱ्याच प्रौढ मेंदूनिशी जन्मतात, त्यांच्या पिलांत नव्या पेशींची गर्दी कमी असते आणि त्यांना लहानपणच्या गोष्टी लक्षातही अधिक राहतात. आपल्याला पहिल्या दोन-तीन वर्षांतले काही का आठवत नाही, याचे एक स्पष्टीकरण त्यातून सुचते.

मग या पेशींचा उपयोग काय? प्राण्यांवरील प्रयोगांत सर्वाधिक आधार असलेले उत्तर असे की, सारख्या दिसणाऱ्या दोन प्रसंगांना वेगवेगळे ठेवण्यास त्या मदत करतात. अंबाबाईच्या दर्शनाला गेल्यावर काल गाडी भवानी मंडपाजवळ लावली होती आणि आज बिंदू चौकात, या दोन्ही आठवणींत माणूस तोच, देऊळ तेच, गर्दीही तीच असते. आजची आठवण कालच्या आठवणीत मिसळू न देणे हे डेंटेट गायरसचे काम मानले जाते. २००९ मध्ये उंदरांतील नव्या पेशींची निर्मिती रोखल्यावर ते जवळजवळच्या जागांतील फरक ओळखण्यात चुकू लागले, पण दूरच्या जागांतील फरक त्यांना कळत होता.

उत्तर: शाहूपुरी दवाखाना

मी मेंदूविकारांवर उपचार करतो. मूळ प्रश्नकर्त्यांनी भुकटीचा विषय नको म्हटले आहे, तरी एक वाक्य लिहिण्याची परवानगी घ्यावी लागेल: जिवंत माणसाच्या मेंदूतील नव्या चेतापेशी मोजण्याची पद्धत आज उपलब्ध नाही, त्यामुळे एखाद्या भुकटीने त्या वाढल्या असे सांगणाऱ्याने त्या कशाने मोजल्या, हे विचारावे.

वडिलांचे फिरणे मात्र चालूच ठेवावे. १९९९ मध्ये हेन्रिएट व्हान प्राग यांच्या प्रयोगात धावचक्र मिळालेल्या उंदरांत टिकून राहिलेल्या नव्या पेशी साधारण दुप्पट झाल्या होत्या. माणसांत २०११ च्या एका अभ्यासात १२० ज्येष्ठांपैकी वर्षभर आठवड्यातून तीन दिवस चालणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान सुमारे २ टक्क्यांनी वाढले. आकारमान रक्तवाहिन्या आणि जोडण्या वाढल्यानेही वाढते, म्हणून तो नव्या चेतापेशींचा पुरावा धरता येत नाही. हा फरक अनेक लेखांत गाळला जातो. त्यांना अलीकडे विसरायला होत असेल, तर आधी बी१२, थायरॉइड, साखर आणि रक्तदाब पाहून घ्यावा. रंकाळ्याच्या वाटेवर भेटणाऱ्या ज्येष्ठांपैकी अनेकांच्या विस्मरणाचे कारण मला तेथेच सापडले आहे.

प्रतिसाद: रंकाळाकाठ

सर्वांचे आभार. काल रात्री जेवण झाल्यावर मी वडिलांना सांगितले की माझे म्हणणे अर्धे चूक होते. ते फारसे हरखले नाहीत. "किती तयार होतात?" एवढेच त्यांनी विचारले. मी २०१३ च्या स्वीडिश अभ्यासातील आकडा सांगितला: प्रत्येक हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे ७००. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला गुणाकार केला. दोन्ही बाजूंचे धरून दिवसाला १४००, वर्षाला ५ लाख ११ हजार. संपूर्ण मेंदूत एकूण किती असतात असे विचारल्यावर मी ८६०० कोटी म्हणालो, तेव्हा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

पुढे त्यांनी जे विचारले ते मला सांगता आले नाही. जिवंत माणसात मोजताच येत नाही असे डॉक्टरसाहेब म्हणतात, तर रोज ७०० हा आकडा कोणत्या काट्यावर वजन केला? आणि काट्याला गाडीत पाचट किती आणि ऊस किती हे कळत नाही, तो फक्त एकूण वजन दाखवतो. मग येथे पाचट वेगळे कसे काढले?

उत्तर: मेणठोकळा

आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. ऊस आणि पाचट हाच त्या पद्धतीवरील मुख्य आक्षेप आहे, आणि तो तज्ज्ञांनीही घेतलेला आहे.

तो काटा अणुबाँबने तयार केला. १९५५ ते १९६३ या काळात उघड्या हवेत इतक्या अणुचाचण्या झाल्या की वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण जवळपास दुप्पट झाले. १९६३ च्या करारानंतर त्या बहुतांशी बंद झाल्या आणि ते प्रमाण वर्षागणिक उतरत गेले, कारण हा कार्बन समुद्रात आणि झाडाझुडपांत मुरत गेला. झाडे तो हवेतून घेतात आणि आपण ती खातो, त्यामुळे ज्या वर्षी एखादी पेशी विभागून जन्मली त्या वर्षीच्या हवेतील कार्बनचे प्रमाण तिच्या डीएनएमध्ये कायमचे नोंदले जाते. चेतापेशी पुढे विभागत नसल्याने ती नोंद बदलत नाही. याच पद्धतीने आधी असे दिसले होते की मेंदूच्या बाहेरच्या थरातील चेतापेशी माणसाच्या वयाच्याच असतात, म्हणजे आपल्या शाळेतील वाक्य तेथे टिकले.

स्टॉकहोमच्या योनास फ्रीसेन आणि कर्स्टी स्पाल्डिंग यांनी मृत व्यक्तींच्या हिप्पोकॅम्पसमधून केंद्रके वेगळी केली. चेतापेशींच्या केंद्रकांवर न्यूएन नावाचे प्रथिन असते. त्याला चकाकणारे प्रतिपिंड लावून यंत्राने एकेक केंद्रक निवडले, म्हणजे ऊस एका बाजूला आणि पाचट दुसऱ्या बाजूला झाले. त्यानंतर निवडलेल्या लाखो केंद्रकांचा डीएनए एकत्र करून त्यातील कार्बन मोजला. म्हणून मिळते ती सरासरी, एकेका मोळीचे वजन नव्हे. ७०० हा आकडा त्या सरासरीवर गणिती प्रतिमान बसवून काढलेला आहे. निवडीत थोडे पाचट राहून गेले असेल, तर आकडा फुगू शकतो.

हा आक्षेप पुढची बारा वर्षे उभा होता. २०२५ च्या जुलैत त्याच प्रयोगशाळेने सायन्स या नियतकालिकात दुसऱ्या वाटेने उत्तर दिले. या वेळी त्यांनी बेरीज न करता एकेका केंद्रकातील आरएनए, म्हणजे पेशीत कोणती जनुके चालू आहेत ते सांगणारा रेणू, वाचला आणि विभागत असलेल्या पूर्वज पेशींचाच शोध घेतला. नवजातापासून ७८ वर्षांपर्यंतच्या व्यक्तींच्या नमुन्यांत त्या प्रौढांतही मिळाल्या आणि डेंटेट गायरसमध्येच बसलेल्या दिसल्या. माणसामाणसांत फरक मोठा होता; काही प्रौढांत त्या बऱ्याच होत्या, तर काहींत जवळजवळ नव्हत्याच.

वडिलांचा जन्म १९५४ चा आहे, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. चाचण्यांपूर्वी जन्मलेली माणसे या पद्धतीत सर्वांत उपयोगी ठरली, कारण त्यांच्या जन्माच्या वेळी हवेत तो जादा कार्बन नव्हताच. अशा व्यक्तीच्या चेतापेशींत तो सापडला, तर ती पेशी नंतरचीच असली पाहिजे.

प्रतिसाद: रंकाळाकाठ

हे त्यांना वाचून दाखवले. ते दोन मिनिटे काही बोलले नाहीत. मग म्हणाले की चाचण्यांआधी माझे वजन रिकाम्या गाडीचे झाले, नंतरचे भरलेल्या गाडीचे, म्हणजे आत किती माल आला ते वजाबाकीने कळेल. मी हो म्हणालो. त्यावर त्यांनी विचारले की जो माल रोज जातो त्याची पावती कोठे असते.

याचे उत्तर कोणाला देता आल्यास द्यावे. डब्यातील उरलेली भुकटी त्यांनी आज सकाळी कुंडीतल्या कढीपत्त्याला घातली.